खाच : अनियमित

वीट फुटली.

नाही, अजून फुटलेली नाही. पुढचे एक वाक्य घाईने इकडे येऊन बसले होते. ते वाचलेच नाही असे समजावे. अजून सकाळ आहे. चैत्रातली, ताम्रवर्णी, तुसाच्या धुराने किंचित सावळलेली सकाळ. नीरेच्या पात्रात घोटाभर पाणी आहे, त्या घोटाभर पाण्यात अख्खे आकाश आहे, आणि काठावर विटांची भट्टी आहे. अर्धी उकललेली, अजून कोमट, निजलेल्या हत्तिणीसारखी संथ श्वास सोडणारी.

भट्टी दगडू कुंभाराची. नाव दगडू आणि जन्म गेला मातीत. बारशाला कुणाचे तरी लक्ष नसावे.

दगडूचा एक नेम होता. हंगामाची पहिली वीट साच्यातून उतरली, की तो उजव्या तळहाताला कोरडी वाळू चोळी, आणि त्या ओल्या, कृष्णमृदू, नदीगंधी मातीवर पंजा दाबी. खोल दाबी. सावकाश दाबी. बोटे जुळलेली, अंगठा आवळलेला, आणि करंगळीशेजारचे बोट अर्धे. उरलेले अर्धे तरुणपणीच गाळ मळताना चाकात गेले होते. "ते कुठल्या तरी भिंतीत हाय," तो सांगे. "कुनाच्या, ते इचारू नका. लोक घर सोडून जात्याल."

ही पंजाची वीट विकायची नसे. ती इतर विटांबरोबर भाजायची, आणि भट्टी उकलली की पुढच्या हंगामापर्यंत घराच्या उंबऱ्याशी ठेवायची. येणाऱ्याने तिला पाय लावायचा नाही, जाणाऱ्याने तिला सांगून जायचे.

यंदा विटा वाळल्या. विटा रचल्या. आणि पेटवण्याच्या आदल्या दिवशी दगडू गेला, विटेला न सांगता.

त्याच्या लेकीने, मथुरेने, दोन दिवसांत दोन अग्नी दिले. एक बापाला, एक बापाच्या विटांना. पहिला सकाळपर्यंत विझला. दुसरा अठरा दिवस धुमसत राहिला. आणि त्या अठरा दिवसांत गावाला वाटले, की मथुरेचे डोळे धुराने लाल आहेत.

दगडूची आणखी एक शिकवण होती. वीट डोळ्यांनी निवडू नये. रंग फसवा असतो, लाली उसनी असते. डोळे मिटावे, दोन विटा कडेने धरून एकमेकींवर वाजवाव्या. घंटेसारखी खणखणली ती पक्की. थप्प म्हणाली ती कच्ची. "डोळं उघडं आसलं की कान आळशी हुत्यात, पोरी."

तालुक्याला मुलींचे वसतिगृह बांधायचे होते. त्याचे इंजिनिअर साहेब चाचणीत फोडायचा नमुना न्यायला आले, भट्टीची धग पाहून दूर बाभळीखालीच थांबले आणि म्हणाले, "तुम्हीच काढा पाच."

मथुरेने डोळे मिटले.

पहिली वाजली, दुसरी वाजली, तिसरी वाजली. चौथी अशी वाजली, की बाभळीवरचे होले उडाले आणि साहेबांनी उगाचच टोपी सरळ केली. त्या विटेचा खळगा मथुरेच्या बोटांना निसटता लागला होता. पण साच्यातल्या प्रत्येक विटेच्या पाठीवर खाच असतेच, खळग्याचे कुणाला काय. पाच विटा तशाच, न बघता, पोत्यात गेल्या. पोत्याला लाखेची मोहोर लागली, आणि साहेबांची सही, जी वाचता येत नव्हती म्हणून खरी होती.

पुढे आठवडाभर भट्टी उकलत गेली, थरामागून थर, रांगेमागून रांग. पंजाची वीट निघाली नाही. शेवटचा थर निघाला, खाली राख उरली, आणि त्या निःशब्द, निर्वर्ण राखेकडे बघताना मथुरेला होल्यांचे उडणे आठवले.

बापाने शिकवले तसे तिने ऐकले होते. आणि ऐकून, बापाचाच हात फोडायला धाडला होता.

तंत्रनिकेतनाची प्रयोगशाळा उंच छताची, पाणगंधी, करड्या उजेडाची. तिथे जनार्दन बेलसरे नावाचे सहायक एकतीस वर्षे विटा फोडत होते, आणि अजून एकाही विटेने त्यांची तक्रार केलेली नव्हती. विधी ठरलेला. विटा एक दिवस पाण्यात बुडवायच्या. किती पाणी प्यायल्या ते तोलायचे. वजनाच्या पाचव्या हिश्शाहून अधिक पिणारी नापास. (मथुरेने त्या महिन्यात किती पाणी आत जिरवले, ते कुणी तोलले नव्हते.) मग खाचांत सिमेंटचा मसाला भरून पाठ सपाट करायची, ओल्या गोणपाटाखाली निजवायचे, पुन्हा तीन दिवस पाण्यात. मग यंत्र.

मथुरा पोचली, तेव्हा पाचही विटा यंत्राशेजारी निथळत होत्या. पाच करड्या पाठी. पाच सारख्या, सपाट, मुकाट पाठी.

"ह्यात एकीवर पंजा व्हता," ती म्हणाली.

बेलसऱ्यांनी वही उघडली. "चार नंबर. मसाला जास्त लागला तिला. मी लिहिलंय बघा. खाच, अनियमित."

"खाच न्हवं ती, साहेब. माझा बाप हाय."

बेलसऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. वहीत त्यासाठी रकाना नव्हता.

"नमुना मागे घेता येतो, बाई. पण मोहोर फुटली की दुसरा नमुना घेत नाहीत. सगळी भट्टी नापास धरतात."

एका बाजूला बापाचा हात. दुसऱ्या बाजूला त्याच हाताने थापलेल्या, त्याच्या शेवटच्या, साठ हजार विटा. मथुरा उभी राहिली. निथळत्या विटांवरून एक थेंब पडला, आणखी एक पडला.

"नापास म्हनून गेला, आसं नको," ती म्हणाली. "फोडा. पर तिला शेवटाला घ्या."

पहिली फुटली. दुसरी फुटली. तिसरी फुटली. पाचवीसुद्धा रांग मोडून आधी फुटली; सरकारी कामात हे पहिल्यांदाच घडले. चौघी उत्तम गुणांनी पास होऊन मेल्या.

मग चौथी. लोखंडी जबडा हळूहळू मिटला. काटा चढला, चौघी जिथे थांबल्या तिथे पोचला, पुढे गेला, आणखी पुढे गेला. मथुरेने डोळे मिटले होते.

खण्ण.

आणि आता ते वाक्य, जे घाईने आले होते, आपल्या जागी येऊन बसले. वीट फुटली.

लाल चुरा ओघळला, शेंदरी, सायंकाळसारखा. आणि त्या चुऱ्यातून, यंत्राच्या ओठावर, काहीतरी करडे उरले. विटेहून मसाला कठीण निघाला होता. दगडूने चोळलेल्या वाळूने त्याला मातीशी जडू दिले नव्हते. जिथे खळगा होता तिथे उंचवटा होता. जुळलेली बोटे होती, आवळलेला अंगठा होता, आणि करंगळीशेजारचे बोट अर्धे होते.

इतके दिवस हाताची फक्त रिकामी जागा होती. आता हात होता.

मथुरेने तो उचलला. ओला होता, गार होता, नुकताच नदीतून काढल्यासारखा. तिने त्यावर आपला तळवा ठेवला, आणि महिनाभराचे जिरलेले पाणी एकदम वर आले.

"चुरासुद्धा आवाराबाहेर न्यायची परवानगी नाही," बेलसरे भिंतीकडे बघत म्हणाले. "पण मी अर्ज लिहितो. त्याचा निर्णय लागेपर्यंत हा तुमच्याकडे."

"कदी लागंल?"

"बाई, एकतीस वर्षांत माझ्या एकाही अर्जाला उत्तर आलेलं नाही. तुम्ही निर्धास्त जा."

ती पदराखाली हात घेऊन नीरेकडे निघाली. आणि करड्या उजेडात, लाल चुऱ्याशेजारी, बेलसऱ्यांनी ठळक, टपोऱ्या अक्षरांत लिहिले:

'महोदय, नमुना क्रमांक चार चाचणीत फुटला आहे. तथापि त्यातील खाच फुटलेली नाही. विहित तक्त्यात याची नोंद करता येत नाही. तरी तक्त्यात "हात उरला" असा एक स्वतंत्र रकाना राज्यभर, कायमस्वरूपी वाढवून मिळावा, व तसे होईपर्यंत सदर हात त्याच्या घरी, त्याच्या उंबऱ्याशी राहू द्यावा, ही नम्र विनंती.'