हिरव्यांची पाटी

आमच्या पोर्टऑर्डी या मासेमारीच्या गावात निम्म्या लोकांचं आडनाव मेअर आहे आणि उरलेल्यांचं पिरी. पोस्टमनचं डोकं फिरू नये म्हणून प्रत्येक घराला एक टोपणनाव असतं आणि ते टेलिफोनच्या यादीतसुद्धा छापून येतं. कुणी मेअर ‘डांबर’, कुणी मेअर ‘दोनबुटे’. डंकन पिरी ‘शिट्टी’, कारण त्याच्या पणज्याने भर समुद्रात शिट्टी वाजवून वादळ ओढवून घेतलं होतं म्हणे. आम्ही ‘हिरवे’. शिट्टीवाल्यांना गावाने केव्हाच माफ केलं, त्यांच्या तीन पिढ्या तांडेल झाल्या. हिरव्यांना मात्र माफी नाही.

आमच्या किनाऱ्यावर हिरवा अपशकुनी, म्हणून बोटीला हिरवा रंग कुणी लावत नाही. बोटीवर हिरवा स्वेटर घालत नाही, हिरवी बादली नेत नाही. आणि माझ्या पणजोबांनी, जॉन मेअर यांनी, १९२१ साली ‘जेसी मे’ या बोटीच्या नावाची पाटी हिरवी रंगवली. डबा स्वस्तात मिळाला म्हणून, असं गाव सांगतं. त्याच ऑक्टोबरात बोट सात माणसांसकट बुडाली. नऊ दिवसांनी नुसती पाटी किनाऱ्याला लागली. ती कोळ्यांच्या हॉलमध्ये लोखंडी पट्ट्यांनी भिंतीवर ठोकली आणि तेव्हापासून ती तिथेच होती. कोरलेलं नाव, दोन्ही टोकांना दोन हेरिंग मासे, कडेने दोरखंडाची नक्षी, आणि अक्षरांमागची जमीन गडद हिरवी. नाकावर टिच्चून हिरवी.

दरवर्षी ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी त्या सात घरांपैकी एक घर पाटीला व्हार्निशचा एक हात देतं आणि मग सगळे बोटीतून पुष्पचक्र सोडायला जातात. आम्हाला ना ब्रशला हात लावू देत, ना बोटीत बोलावत. आम्ही घरी बसून सूप पितो.

माझं नाव एल्स्पेथ. वय एकसष्ट, धंदा रंगाऱ्याचा. दुकानांच्या पाट्या, बोटींची नावं, एकदा तर आइस्क्रीमची गाडी. धंदा बाबांकडून आला, बाबांकडे त्यांच्या आजोबांकडून. बाबा, अलेक मेअर, अठ्ठ्याऐंशीचे आहेत. चहाचा कप धरताना हात थरथरतो, लाकूड कोरायची पटाशी धरली की थरथर कुठे जाते देव जाणे.

तर जुन्या पाटीला कीड लागली. बंदर समितीने ठरवलं की ती काचेत ठेवायची आणि बाहेर धक्क्याच्या भिंतीवर तिची हुबेहूब नक्कल लावायची. अख्ख्या किनाऱ्यावर लाकूड कोरणारा एकच माणूस उरलाय, तेव्हा झक मारत समिती आमच्या दारात आली. बाबांनी पूर्ण हिवाळा खपून पाटी कोरली. रंगकाम माझ्याकडे आलं. आणि मग रंग कुठला, यावरून हॉलमध्ये सभा भरली.

“काळी करा,” डंकन शिट्टी म्हणाला. तो समितीचा अध्यक्ष. सत्तरीचा, मोठा बांधा, आवाज त्याहून मोठा. त्याचे आजोबा आणि दोन चुलत आजोबा ‘जेसी मे’वर होते. “धक्क्यावर हिरवं लावलं तर एक बोट बाहेर पडायची नाही. मीच पडणार नाही.”

“नक्कल म्हणजे नक्कल,” बाबा उठून म्हणाले. “माझ्या आजोबांनी हिरवी रंगवली, तर हिरवीच होईल. बहात्तर वर्षं मी ते नाव वागवतोय, डंकन. आता तुझ्या सोयीसाठी काळं फासून घेणार नाही.”

“अलेक, तुम्ही असं का धरून बसता? मी तुमच्या भल्याचंच सांगतोय.”

“माझं भलं तुझ्या बापाने पाहिलं तेवढं पुरे.”

 शेवटी ठरलं, मूळ पाटीशी रंग जुळवायचा आणि काय तो निकाल लावायचा. बाबा जिंकले. मला मात्र हे नको होतं. आजवर निदान आरोप जुन्या भिंतीवर होता, अंधारात. आता तो बंदराच्या तोंडावर, उन्हात, आणखी शंभर वर्षं टिकेल असा, माझ्याच हाताने लिहायचा होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही बापलेक शेडमध्ये पाटी घासायला बसलो. आधी ऐंशी नंबरचा पॉलिशपेपर, मग एकशेवीस, मग दोनशेवीस. सपाट भागाला ठोकळ्यावर कागद गुंडाळायचा, माशांच्या खवल्यांत मात्र कागदाची घडी करून नखाने फिरवायची. जास्त घासलं तर कोरलेली धार मरते, आणि बाबा समोर बसलेले असताना धार मारायची माझी हिंमत नव्हती.

“तुझ्या बोटांना घाई झालीय,” बाबा म्हणाले.

“तुमच्या तोंडाला झालीय. सभेत काय गरज होती डंकनच्या बापाला मध्ये आणायची?”

 मग घासत घासतच त्यांनी ती गोष्ट सांगितली. सोळा वर्षांचे असताना ते डंकनच्या वडिलांकडे बोटीवर काम मागायला गेले होते. नवीन बूट घालून. त्याने हॉलचं दार उघडून पाटीकडे बोट दाखवलं आणि विचारलं, हा रंग कुठला? बाबा म्हणाले, हिरवा. मग घरी जा, तो म्हणाला. त्यानंतर कुठल्याच तांडेलाने त्यांना घेतलं नाही. एवढं मला अर्धंमुर्धं माहीत होतं. पुढचं नव्हतं.

“घरी आलो तर आजी म्हणाली, खोटं आहे, पाटी निळी होती. तुझ्या आजोबांचा डबा मीच ढवळून दिला होता. मी तिला हाताला धरून हॉलमध्ये नेलं. म्हटलं, डोळे आहेत ना तुला? बघ. सगळ्या गावासमोर म्हटलं.” बाबांनी खवल्यातली धूळ फुंकली. “तिने पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग परत कधी त्याचं नाव काढलं नाही.”

 बाबांची आजी म्हातारपणी नवऱ्याची बाजू घेणारच, असं मलाही वाटलं. डोळ्यांनी दिसत होतं ते दिसत होतं.

लाकडातल्या गाठींवर लाखेचा हात दिला, म्हणजे चीक बाहेर येऊन रंग पिवळा पडत नाही. मग प्रायमर. पहिला हात पातळ, अगदी पाण्यासारखा, नाहीतर दोरखंडाच्या खाचा बुजतात. तो वाळला की हलकं घासायचं, मग दुसरा. पांढऱ्या प्रायमरमध्ये पाटी इतकी निर्मळ दिसत होती की अशीच द्यावी असं मनात आलं. पण रंग तर जुळवायचाच होता, म्हणून गुरुवारी सकाळी मी हॉलवर गेले. किल्ली डंकनकडे असते. तो दारात उभा होता, हातात बटरीची, म्हणजे आमच्याकडच्या चपट्या पावांची, पिशवी. एक मला दिली, खारट, लोण्याने निथळणारी. मनाने वाईट नाही तो.

“नमुना कुठून घेणार?” त्याने विचारलं. “समोरून खरवडशील तर बायका मला जिवंत सोडायच्या नाहीत.”

“पट्टीखालून घेते. तिथे कुणाला दिसत नाही.”

पाटी भिंतीवर बसवली तेव्हापासून त्या लोखंडी पट्ट्या कुणी काढल्या नव्हत्या. स्क्रू गंजून एकजीव झाले होते. डंकनने तेल घातलं, दोन शिव्या घातल्या, आणि तिसऱ्या हिसक्याला डावी पट्टी निघाली. खाली चार बोटं रुंदीचा तुकडा होता. तो निळा होता.

मी आधी चष्मा पुसला. मग टॉर्च मारला. गर्द निळा, कडेला गंजाची रेघ, पण निळा. आणि पट्टीच्या बरोबर काठापासून हिरवा सुरू होत होता.

“इथे वेगळा रंग लावलाय,” डंकन म्हणाला.

“थांब जरा.” मी कापसाचा बोळा थिनरमध्ये बुडवला आणि त्या काठाजवळ, हिरव्या बाजूला, हलकेच फिरवला. बोळा कडक चहाच्या रंगाचा झाला. दुसरा घेतला, तिसरा घेतला. सातव्या बोळ्याला खालून निळा वर आला. पट्टीखालचाच निळा.

चाळीस वर्षं मी रंगात हात घातलेत. व्हार्निश पिवळं पडतं हे शेंबडं पोर सांगेल. निळ्यावर पिवळं चढलं की काय होतं, तेही सांगेल. पण ही पाटी आम्ही कधी जवळून पाहिलीच नव्हती. तिच्याकडे पाहायची लाज वाटायची, आणि हात लावायची परवानगी नव्हती. बोट बुडाली तेव्हा रंगाचा विषय कुणी काढलाच नव्हता, कारण निळी पाटी पाहिलेली माणसं जिवंत होती. तीस वर्षांत ती एकेक करून गेली, वर तीस हात व्हार्निश चढलं, शेगडीचा धूर चढला, आणि मग कुणीतरी मान वर करून म्हणालं, अरे, ही तर हिरवी.

डंकन बाकावर बसला. बटरीची पिशवी त्याच्या मांडीवर तशीच होती.

“मी लावलंय व्हार्निश,” तो म्हणाला. “सात-आठ वेळा तरी लावलंय. आईने शिकवलं होतं, भरपूर घे, आजोबांसाठी आहे, कंजूषपणा करू नको.” त्याने माझ्या हातातल्या बोळ्याकडे पाहिलं. “आम्हीच केली की गं हिरवी.”

मला त्याला खूप काही सुनवायचं होतं. एकसष्ट वर्षांचं साठलेलं होतं. पण तो एवढा मोठा माणूस नाक पुसत बसलेला पाहून माझा राग कुठे ठेवावा तेच कळेना. मी म्हटलं, “बोळे टाकू नकोस. बाबांना दाखवायचेत.”

“मी येऊ का?”

“नको. आधी मी एकटी जाते.”

बाबा शेडमध्ये होते. मी सातही बोळे बाकावर ओळीने मांडले आणि काय झालं ते सांगितलं. वाटलं होतं, उड्या मारतील, निदान शिट्टीवाल्यांचा उद्धार करतील. त्यांनी शेवटचा बोळा उचलला आणि खिडकीपाशी उजेडात धरला. निळ्याचा एक बारीक ठिपका त्याला लागला होता.

“तिला दिसत होतं,” ते म्हणाले. “त्या दिवशी हॉलमध्ये. तिला हिरवा दिसत होता आणि तरी ठाऊक होतं की निळा आहे. आणि मी तिचा हात धरून उभा होतो, एल्सी, शहाणा.”

मग ते रडले. बाबांना मी आई गेली तेव्हाही रडताना पाहिलं नव्हतं. मी जवळ बसले. मलाही रडू येत होतं आणि त्याच वेळी छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं हलकंही वाटत होतं, ते मी लपवत नाही.

थोड्या वेळाने त्यांनी बाहीने तोंड पुसलं. “प्रायमर वाळलाय ना? मग बसलीस काय? निळा कालव.”

निळा मी कालवला, डबा त्यांनी ढवळला. दोन हात दिले, मध्ये दिवसभर वाळू दिलं, पुन्हा दोनशेवीसने अलगद घासलं. अक्षरांवर सोन्याचा वर्ख बसवला, माशांना रुपेरी रंग दिला. समितीला बजावून सांगितलं की या पाटीला व्हार्निशचा थेंबही लावायचा नाही. मग आम्ही दरवर्षी काय करायचं, असं ‘दोनबुटे’ मेअरची सून रडवेली होऊन विचारू लागली. मी म्हटलं, धुवा, पुसा, आणि माझ्याकडून निळा घेऊन जा. दुसऱ्या दिवशी तिने आमच्या दारात सुपाचं भांडं ठेवलं, वर चिठ्ठी, ‘मेअर यांच्यासाठी’. कुठले मेअर, ते लिहिलं नव्हतं.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी धक्क्यावर सगळं गाव जमलं. डंकनने पाटीवरचा कपडा ओढला आणि सगळ्यांदेखत, त्याच्या त्या मोठ्या आवाजात, काय झालं होतं ते सांगितलं. स्वतःच्या बापाची गोष्टही सांगितली, आडपडदा न ठेवता. सांगून झाल्यावर टाळ्या वाजवाव्यात की नाही, हे कुणाला कळेना. बाबा काठी टेकत पाटीपाशी गेले. निळ्यावर तळहात ठेवला.

“बरोबर होतीस गं तू,” ते म्हणाले. मला नव्हे, माझ्या पणजीला.

खाली बोट उभी होती, पुष्पचक्र तिच्यावर चढवलेलं. डंकन पायऱ्या उतरून आत गेला आणि वळून त्याने हात पुढे केला. “अलेक, या.”

बाबा जागचे हलले नाहीत. “तुझ्या बापाकडे मी बावन्न साली आलो होतो,” ते म्हणाले. “नवीन बूट घालून. आता बहात्तर वर्षं उशीर झालाय, पोरा.”

“बुटांचं काय झालं?”

“घातलेत की.”

मी खाली पाहिलं. तेच असणं शक्य नव्हतं, पण बूट नवेकोरे होते, आणि ते त्यांनी कधी आणले याचा मला पत्ताही नव्हता. डंकनने त्यांचा दंड धरला, मी मागून कमरेला आधार दिला, आणि माझे बाबा बोटीत उतरले. पुढच्या टोकाला मासळीच्या खोक्यावर बसले आणि इंजिन सुरू व्हायच्या आधीच म्हणाले, “चला रे, कशाची वाट बघताय?”