तिसऱ्या खांबाची काच

आमच्या गावाहून धुळ्याला जाणारी नवी लाईन दिवाळीत सुरू होणार होती. मग संक्रांतीला. मग शिमग्याला. एकाच डब्याची गाडी, आतून बससारखी, पण रुळावर चालणारी. ट्रायलच्या दिवशी नदीवरच्या नव्या पुलाच्या तिसऱ्या खांबाला केसाएवढी भेग दिसली आणि सगळं अडलं.

बाकीच्यांना काय, ते एस्टीने जायचे. अडलं होतं माझं. माझी बहीण सुंदर धुळ्याला दिलेली. लग्नानंतरची पहिलीच आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, त्यात सहावा महिना. आखाजीला लेकीला माहेरी आणायला तिचा भाऊ जातो, त्याला मुराळी म्हणतात. आम्हाला भाऊ नाही. म्हणून मुराळी मीच, चिंधी, वय सोळा.

मी गेलेही होते. सुंदरची सासू भिकुबाई दारातच म्हणाली, "एस्टीना धक्कास्मा मनी सून मी धाडाव नही. तुमनी नवी गाडी चालू व्हऊ दे, मंग लई जाय."

"गाडी काय मना बापनी शे का?"

सुंदरने मागून डोळे वटारले म्हणून तेवढ्यावरच थांबले. माझं तोंड आणि हात असेच आहेत. सातवीत मास्तरांनी डस्टर फेकून मारला, मी तो परत फेकला. दुसऱ्या दिवसापासून शाळा बंद. तेव्हापासून मिळेल ते काम करते. पण पुलावर घमेली वाहायला गेले ती मुद्दाम. नेमकं कुठं अडतंय ते मला बघायचं होतं.

दुरुस्तीवर रतिलाल साहेब होते. भेगेत सिमेंट भरून झालं होतं. मग त्यांनी भेगेवर आडवी एक पातळ काचेची पट्टी चिकटवली आणि खूण म्हणून भोवती लाल रंगाचा गोल काढला.

"खांब हलत असेल तर काच तडकेल," ते म्हणाले. "आठ दिवस शाबूत राहिली की गाडीला परवानगी."

चार दिवसांत काच फुटली. दुसरी लावली, तीही गेली. तिसरी गेली तेव्हा साहेब टोपी काढून वाळूतच बसले. "खांब हलतोय. पाडून नवा बांधावा लागेल. आता पावसाळ्यानंतरच."

आखाजीला बारा दिवस राहिले होते. मी घमेलं आपटलं. "साहेब, खांब काय वार बघून हलतो?"

"म्हणजे?"

"तिन्ही काचा मंगळवारी नाहीतर शुक्रवारीच फुटल्यात."

उखर्डू नाना, आमचे मिस्तरी, हसायला लागले. "पोर, तू घमेलं देख. खांब आम्ही देखतस."

मी खांबाखालची वाळू बघितली. खोबऱ्याचा एक तुकडा होता, मुंग्या लागलेला. साहेबांना फक्त म्हटलं, अजून एक काच लावा, तुमचं काय जातंय? लावली त्यांनी, माझी कटकट जावी म्हणून.

शुक्रवारी दुपारी माणसं जेवून बाभळीखाली आडवी झाली. मी खडीच्या ढिगामागं बसले. थोड्या वेळाने नदीतून पाच-सहा बाया आल्या, हातात ताटं. सगळ्यांच्या पुढं माझी माय, मंजुळाबाई.

मायने लाल गोलाला हळदकुंकू लावलं, पदर डोक्यावर घेतला. "पूलमाय, मनी आंडेरनी, मनी सुंदरनी गाडी लवकर येऊ दे." आणि नारळ उचलून गोलाच्या खाली दाणकन आपटला.

काच खळ्‌ळ!

"माय!" मी ढिगावरून उडीच मारली. "तूच फोडस का काच?"

"अवं, तो देवीना आरसा व्हता ना?"

"कसानी देवी? तो रंग शे, रंग! साहेबनी लायेल."

"मंग साहेबले लावाले कोनी सांगं?" माय शांतपणे म्हणाली. "देवीनीच ना?"

माझं डोकं फिरलं. "तूच गाडी मांगस आन् तूच गाडी अडाडस! त्या काचनामुळे सुंदर तठे बशेल शे!"

मायचा चेहरा उतरला. पण तिच्या मागची, आमच्या शेजारच्या भाईदासची आजी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "नारळ बंद करा ते देवी कोपी."

तिच्याशी भांडण्यात अर्थ नव्हता. ती गावात कोणाकडूनही हरलेली नाही. मी म्हटलं, "आजी, तुमनी नवस बोलेल शे ना?"

"शे."

"मंग गाडी उनी का?"

"नही."

"मंग आधीच कसाले फेडतस?"

बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. नवस आधी फेडतं का कोणी? आजीने मान हलवली. "पोर खरं बोलस. आधी गाडी, मंग नारळ."

साहेबांना सांगितलं तेव्हा ते आधी माझ्याकडं, मग कुंकवाकडं बघत राहिले. "मी म्हणायचो, मजूर पूजा करत असतील," ते म्हणाले. "खांब हलतोय म्हणून तीन रिपोर्ट पाठवले मी!" आणि हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

नवी काच लागली. पुढचे आठ दिवस त्या बायांनी खांबाजवळ शेळी फिरकू दिली नाही, पोर फिरकू दिलं नाही. साहेब काच बघायला आले की आजी ओरडायची, "भाऊ, चप्पल काढा!" भर उन्हात, तापलेल्या वाळूत, रतिलाल साहेब नाचत नाचत काच बघायचे.

आठव्या दिवशी काच होती तशी होती. वाळूची पोती भरून डबा पुलावरून गेला आणि परत आला. तरीही काच तशीच. आणि रविवारी, आखाजीच्या आदल्या दिवशी, गाडी सुरू झाली.

धुळ्याला भिकुबाई स्वतः गाडीपर्यंत आली. बाक हलवून बघितला, ड्रायव्हरला दम भरला, मग सुनेला बसवलं. मला म्हणाली, "मुराळी शे का वादयवारा?" पण हसत म्हणाली.

गाडी सुटली तसं सुंदरने माझं मनगट धरलं. "चिंधे, माले त्या पूलनी भीती वाटस. पूल उना का सांग. मी डोळा मिटस."

"मीट. अजून दूर शे. आखाजीना झोका कोन बांधी यंदा?"

"तू नको! मांगला साल तू माले झोकावरून पाडं व्हतं."

"तू पडनी. मी नही पाडं."

"खोटारडी! हडळ! तुन्हा मुडदा..." डोळे मिटूनच सुरू झाली ती. लहानपणापासूनच्या सगळ्या शिव्या, एकही विसरली नव्हती. खाली नदी, वाळू, तिसरा खांब मागं गेला.

"सुंदर, डोळा उघाड. पूल गया."

"कव्हय?"

"तू माले शिव्या दी ऱ्हायनी व्हती तव्हय."

तिने वळून मागं बघितलं, मग माझ्या पाठीत एक धपाटा घातला, आणि पोट धरून इतकी हसली की ड्रायव्हरनेही वळून बघितलं.