होळीत गेलेलं घर

गाडीभर कापूस मुंबईच्या वाटेला लागला की व्यापारी त्याचा विमा उतरवत, हे साऱ्या वऱ्हाडाला ठाऊक होतं. पण मनकर्णेनं घराचा विमा उतरवायला लावला तेव्हा बार्शीटाकळीकडचं ते अख्खं गाव पोट धरून हसलं. "घर काय कुठं चाल्लं काय वं?" शेजारची गोदाबाई म्हणाली.

मनकर्णा बधली नाही. कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हा तिच्या नवऱ्यानं, नत्थुजीनं, गावातलं पहिलं सागवानी घर बांधलं आणि त्याच घरात आढ्यापर्यंत कापूस भरला. दिव्याजवळ कापूस, मग झोप कशी यावी? अमरावतीच्या एका सेठजीनं विम्याची जोखीम घेतली, पण एक नियम घालूनच. घर जळालं तर त्याचा मुनीम पाहून जाईस्तोवर काडी हलवायची नाही. लोक चांगलं लाकूड लपवतात आणि जळालं म्हणून सांगतात, असा सेठजीचा अनुभव.

आणि फाल्गुनात घर जळालंच. जीव वाचले, भिंती काळ्या पडून उभ्या राहिल्या. नत्थुजी मुनीमाला आणायला अमरावतीला धावला. मनकर्णेचा हात भाजला होता, म्हणून भाऊ तिला माहेरी घेऊन गेला. जाताना ती शेजाऱ्यांना नियम सांगायचा विसरली. घर गेल्यावर कोणाचं डोकं ठिकाणावर राहतं?

होळीच्या दिवशी ती परतली आणि दारातच थबकली. राख उपसलेली, अंगण सारवलेलं, वर रांगोळी! गोदाबाई कंबरेला पदर खोचून उभी होती.

"जळकं लाकूड दारात ठेवू नाई, म्हून समद्यायनं मिळून उचललं. तुले काय वाटलं, आमी मेलो काय?"

"लाकूड कुठं हाय?"

"होळीवर! काहून वं, रडून राहिली?"

मनकर्णेनं सांगितलं तशी गोदाबाईनं खोचलेला पदर सोडून डोळ्याला लावला. विमा बुडाला तर पावसाळ्यात डोक्यावर छप्पर नव्हतं. आणि होळीवर चढलेलं लाकूड परत काढायचं नाही, हे तर पोरंही जाणतात. मनकर्णेला शेजारणीचा राग यावा, पण ते सारवलेलं अंगण पाहून तो येईना. त्यामुळं तर तिला जास्तच रडू आलं.

दिवेलागणीला नत्थुजीची बैलगाडी आली. मुनीम तिलोकचंद रिकाम्या घरात फिरला आणि त्याच्या कपाळाला आठी पडली.

"लाकूड दिसत नाही, बाई. मी सेठजीले काय सांगू?"

मनकर्णेनं त्याला थेट होळीपाशी नेलं. चंद्र वर येत होता, होळी पेटवायचा मान असलेले पंजाबराव पाटील टेंभा घेऊन तयार होते. सगळं ऐकून त्यांनी टेंभा मागं घेतला.

"पाहा, मुनीमजी. वाटल्यास गावातलं घरन् घर धुंडा. पण यातली काडी निंगणार नाही."

"होळीतलं लाकूड काढायचं पाप मलेही नको," मुनीम म्हणाला. तो होळीभोवती फिरू लागला. वाकून पाही, नखानं काजळी खरवडी, पुढं सरके. गोवऱ्यांखाली सागवानच सागवान होतं, आणि सागवान गावात दुसऱ्या कोणाकडं होतं?

इतक्यात मागून आलेल्या बायकांना वाटलं, पूजा सुरू झाली. त्या आरत्या घेऊन मुनीमाच्या मागं लागल्या, त्यांच्यामागं म्हातारे, त्यांच्यामागं हलगीवाला. मुनीम थांबला की वरात थांबे, तो वाकला की सगळे वाकून नमस्कार करत. मनकर्णेला रडता रडता हसू फुटलं.

अखेर मुनीमानं पागोटं सरळ केलं. "खांब हायेत, तुळया हायेत, आढं हाय. भरपाई कबूल."

नत्थुजीनं त्याला मिठीच मारली.

"थांबा," मुनीम म्हणाला. "दुसरा नियम आयका. भरपाई कबूल केली का जळकं लाकूड सेठजीचं होते."

हलगी थांबली. पाटलांच्या मिशा थरथरल्या. आता हा माणूस भरल्या होळीला हात घालतो की काय?

मुनीमानं पाटलांच्या हातातला टेंभा घेतला.

"म्हंजे लाकूड आमचं. मंग पेटवाचा मानही आमचाच ना?"

होळी भडकली. गावानं बोंब ठोकली आणि त्यात सगळ्यात मोठी बोंब मनकर्णेची होती.