पित्त उठतं

पित्त होणं वेगळं आणि पित्त उठणं वेगळं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. होतं ते पोटात, उठतं ते अंगावर. आणि माझी सख्खी धाकटी बहीण, चांगली शिकलेली नर्स, म्हणते मीच चुकीचं सांगितलं!

आईच्या पायाची जखम चिघळली म्हणून तिला धाकटीच्याच वॉर्डात ठेवलं. आपलं माणूस आहे म्हणून मी निर्धास्त. दाखल करताना धाकटीनं विचारलं, "कुठल्या औषधाचा त्रास?"

"मलाच काय विचारतेस? पेनिसिलिननं आईला पित्त उठतं."

तिचं अर्धं लक्ष फोनवर. "हो गं ताई, घातलं," म्हणाली.

तिनं केसपेपरवर घातलं 'ॲसिडिटी'. डॉक्टरांनी ते वाचलं, जोडीला ॲसिडिटीची गोळी दिली आणि पेनिसिलिन टोचलं. बघता बघता आईचे ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, श्वास घशात अडकला. मी बोंब ठोकली. डॉक्टर धावत आले म्हणून आई वाचली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी आम्हा दोघींना आईच्या खाटेपाशी बोलावलं. "चूक कुठे झाली ते मला नोंदवायचंय."

मी तोंड उघडायच्या आत धाकटी म्हणाली, "ताई म्हणाली, पित्त होतं. मी तेच लिहिलं."

"खोटारडे! उठतं म्हणाले मी! मागच्या वेळी आईची पाठ लालेलाल झाली, तेव्हा लोशन कोणी चोळलं? तूच ना?"

"मला नाही आठवत."

माझ्याकडे बघायलाही तयार नाही. लहानपणी हिच्या वाटचा मार मी खाल्ला, आणि ही बया माझ्याच गळ्यात धोंडा बांधतेय!

"वॉर्डात आवाज नको," डॉक्टर मला म्हणाले. मग आईकडे वळले. "आजी, तुम्ही इथेच होतात. थोरली काय म्हणाली होती?"

मला हायसं वाटलं. आईचे कान अजून तिखट आहेत, तिनं शब्दन्‌शब्द ऐकला होता. ती धाकटीच्या गणवेशाकडे बघत राहिली, मग चादरीकडे.

"होतं म्हणाली," आई बोलली.

डॉक्टरांनी आईच्या मनगटावर लाल पट्टी बांधली, पेनिसिलिन द्यायचं नाही म्हणून. "यापुढे आजींबद्दल काही विचारायचं तर आम्ही सिस्टरनाच विचारू," असं मला बजावून ते गेले. धाकटीही त्यांच्यामागोमाग सटकली.

मी पिशवी उचलली. आईनं माझा हात धरला. "तिची नोकरी गेली असती गं. तू समजूतदार आहेस. तुझं काय गेलं?"

"माझी आई गेली," मी म्हटलं आणि हात सोडवून घेतला.