दादाजींचं नाक

कोणाला खरं वाटणार नाही, पण हे एवढंसं झाकण, पत्र्याचं, सोनेरी, आत पातळ बूच असलेलं... असंच एक नाकाशी धरून दादाजींनी एकदा सांगितलं होतं की बाटली राजुऱ्याकडून आली, मिरच्यांच्या पोत्याखालून आली, आणि आणणाऱ्याने वाटेत ती उघडून घोटभर चाखलीही. जिल्ह्यात दारूबंदी होती तेव्हाची गोष्ट. आणणारा समोरच बसला होता. त्याने कान पकडले. आता यातल्या मिरच्या खऱ्या, कान पकडले तेही खरं, घोट तेवढा माझ्या, म्हणजे दादाजींच्याच, पदरचा. पण गोष्टीला घोटभर तरी सांगणाऱ्याच्या पदरचं लागतंच.

आज तसंच झाकण नाकाशी होतं आणि नाकात काहीच नव्हतं. म्हणजे वाईट वास, मंद वास, असंही नाही. भिंतीला नाक लावावं तसं. कोरोनाच्या तापात जे गेलं ते परत आलंच नाही. तेव्हा कोणीतरी फोनवर विचारलं होतं, आला का वास? दादाजी म्हणाले होते, आला, पहिला फोडणीचा आला. एकदा आला म्हटल्यावर तो कसा परत पाठवायचा?

वरोऱ्याला गुणवंतरावांच्या मागच्या अंगणात, सीताफळाच्या झाडाखाली, रविवारच्या दुपारी ही बैठक पूर्वीपासूनची. दादाजींची सारी नोकरी अहेरीकडच्या लाकूड आगारात गेली, पण सुटी मिळाली की पाय इकडे. नियम एकच : दादाजी हुंगून बोलल्याशिवाय कोणी ग्लास उचलायचा नाही. बायको कमळा गेली, नोकरी संपली, आता घरी लोक विचारतात ते एवढंच की जेवले का, साखर किती आली. या अंगणात मात्र अजून विचारतात, दादाजीभाऊ, कशी आहे? आणि उत्तराची वाट पाहतात. तेवढी वाट पाहणारी माणसं जगात उरलेली — ती गेली तर मी कुठे बसायचं?

आज गुणवंतरावांचा जावई राजदीप पुण्याहून आला होता, विमानतळावरून दोन व्हिस्क्या घेऊन, खास सासऱ्याने ऐकवलेल्या या नाकासाठी.

बिअरचं निभलं. बिअरला जीभ पुरते. पहिली पातळ, गारगार, नव्या जावयासारखी. तोंड उघडायलाच वेळ लावते, असं म्हटल्यावर राजदीप लाजला. दुसरी गव्हाची, गढूळ, घशात उतरल्यावरही जिभेवर पीठ ठेवून जाणारी. दादाजींनी तिलाच वरचा नंबर दिला.

व्हिस्कीला मात्र जीभ पुरत नाही. त्यासाठी त्यांनी इतक्या दिवसांत काय काय जमवलं होतं... रंग उन्हात धरून पाहायचा, काचेवरून ओघळ किती सावकाश उतरतो ते पाहायचं, आग घशात लागते की छातीत ते पाहायचं. शिवाय इकडची रीत : पहिला घोट घेण्याआधी बोट बुडवून थेंब जमिनीवर सोडायचे, धरतीला, गेलेल्यांना. त्यासाठी वाकलं की पायाशी ठेवलेल्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचता येतात. कमळेच्या नावाचे थेंब सोडताना माझे डोळे लेबलावर असतात. हे तिला कळत असेल तर ती हसत असेल, किंवा नसेल.

“ही इकडचीच,” ते पहिलीबद्दल म्हणाले, “गोड. पावसानंतर आगारात सागाची थप्पी उघडावी तशी. आणि ही दुसरी विलायतची. वणवा विझल्यावर दुसऱ्या दिवशीचं जंगल. धूर आहे, पण आग नाई.”

सगळ्यांनी घोट घेतले. बरोबर, म्हणाले. राजदीपने मान डोलावली. पूर्वी ‘धूर’ हा शब्द उच्चारला की मागोमाग तो वासही यायचा, नाव घेतल्यावर गोठ्यातून गाय यावी तसा. आता ‘धूर’ म्हटलं आणि आत कोणी उठलं नाही. ओल्या लाकडांपुढे वाकलेली कमळा दिसली, तिचे पाणावलेले डोळे दिसले, फुंकणी दिसली — धूरही दिसला, भिंतीवरच्या चित्रातला असावा तसा. नाकातून गेला तो गेलाच, आता आठवणीतूनही निघाला होता. आणि तरी मी बरोबर बोललो होतो. याचीच भीती वाटली.

मग राजदीप म्हणाला, काका, जिनही होऊन जाऊ द्या. तो आत गेला, कपाटातली जिनच्या निळ्या लेबलाची अर्धी बाटली घेऊन आला आणि ओतू लागला. गुणवंतरावांचा चिवड्याचा हात तोंडाशी जाता जाता थांबला. दादाजींना ते बरं वाटलं. अजून उत्सुकता आहे.

त्यांनी ग्लास नाकाखाली फिरवला, डोळे मिटले. जिनचं सोपं, सगळ्या जिनांत तेच : विलायती झुडपाच्या बिया, लिंबाची साल, मागून थोडी कडू मुळी. तेवढं सांगून ते थांबले असते, पण राजदीपचं तोंड उघडं होतं. तेव्हा गोष्टीत सिरोंच्याच्या डाकबंगल्यातला साहेब आला, त्याने जिनमध्ये कवठाचं पान चुरडून टाकलं, ग्लास ओसरीवर विसरला, आणि वाघ आला, त्याने ग्लास हुंगला आणि शिंकत शिंकत नदीपार गेला. राजदीप हसून हसून वाकला.

गुणवंतराव हसले नाहीत. एरवी ते वाघ यायच्या आधीच हसतात.

“दादाजी,” ते हळू म्हणाले, “हे मोहाची आहे.”

राजदीप हसतच होता. त्याला ही गोष्टीतलीच गंमत वाटली.

“तुह्या सुगंधावैनीच्या गुडघ्याले चोळाची बाटली होय ते. झाकण उघडलं तवाच मले इथी वास आला. आपल्या इकडच्या माणसाले मोह कळत नाई?” त्यांनी हातातला चिवडा खाली ठेवला. “तुले कधीपासून वास येत नाई?”

उत्तरं होती. सर्दी झाली आहे. किंवा त्याहून सरस — जावयाची परीक्षा पाहून राह्यलो होतो. ते खपलं असतं. गुणवंतरावांनीही ते खपवून घेतलं असतं, त्यांच्या डोळ्यांत ती तयारी दिसत होती, आणि पुढच्या रविवारी मला पुन्हा विचारलं असतं, कशी आहे? वाक्य जिभेवर येऊन बसलं. दादाजींनी ते तसंच बसू दिलं आणि ग्लास पुन्हा वर घेतला. मोह — उन्हाळ्याच्या पहाटे झाडाखाली पडलेला, ओला, अंगाला चिकटणारा, गावाच्या अलीकडूनच येणारा... काहीच आलं नाही. मोकळं वाटावं तर तसंही वाटेना. पण मी अजून हुंगत होतो, कोणाला काही सांगायचं नसताना, नुसता.