गोळी माझ्यासमोर घे

माझं नाव उज्वला, पण वाड्यांमधल्या बायका माझ्यामागे मला 'गिळवणारी' म्हणतात. मला माहीत आहे. मी आशा सेविका आहे, वरंधच्या अलीकडच्या चार वाड्या माझ्याकडे. गरोदर बाईच्या हातात लोहाच्या गोळ्यांची पट्टी ठेवून निघून येणं मला जमत नाही, कारण ती पट्टी मग चुलीमागच्या फळीवर जाते आणि बाळ होईपर्यंत तिथंच राहते. म्हणून मी समोर उभी राहते. गोळी घे, पाणी पी, आता तोंड उघड, जीभ वर कर. सासवा हसतात, हसू देत. माझ्या वाड्यांत एकही बाई रक्त कमी पडून दगावलेली नाही, आणि त्याचा मला माज होता, खोटं कशाला बोलू.

तो माज माझ्या पोरीच्या मुळावर आला, ते सांगते.

निशा माझी एकुलती एक. एकोणीस वर्षांची, महाडला कॉलेजात, आणि कबड्डीत जीव. ती चढाईला गेली की समोरच्या पोरी एक पाऊल मागे घ्यायच्या. मागच्या वर्षी जिल्ह्याच्या संघातली जागा तिची थोडक्यात हुकली होती. कुमारी गटातलं हे तिचं शेवटचं वर्ष. डिसेंबरात पोलादपूरला निवड, आणि या गटाचा नियम असा की वजन पासष्ट किलोच्या आत पाहिजे. शंभर ग्रॅम जास्त भरलं तरी घरची वाट धरायची.

मार्चमध्ये ती अठ्ठावन्न होती. जूनमध्ये चौसष्ट झाली.

मी काय केलं, तर ताट अर्धं केलं. भात बंद, तांदळाची अर्धी भाकरी आणि कालवणाचा नुसता रस्सा. सराव वाढव म्हटलं, तर पहाटे पाचला धावायला जाणारी पोरगी आठ वाजले तरी उठेना. त्याआधी मे महिन्यात डोक्यावरचा पत्रा तापून घरात बसवत नव्हतं, तेव्हा ही पायांवर गोधडी घेऊन बसलेली. केस विंचरले की फणीत मूठभर यायचे. पाळी दोन-दोन महिने नाही. दुसऱ्याच्या घरात यातलं एक जरी दिसलं असतं तरी मी त्या मुलीला हाताला धरून डॉक्टरकडे नेलं असतं. स्वतःच्या घरात मला आळस दिसला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

निशाचे पप्पा एमआयडीसीत कामाला आहेत. ते एकदा म्हणाले, "पोरीला पोटभर जेवू दे." मी म्हटलं, "तुम्ही तुमचं मशीन सांभाळा."

मला वाटायचं, ही महाडच्या स्टँडवर वडापाव खाते. एक दिवस ती आंघोळीला गेली असताना मी तिची बॅग उघडली. वह्यांच्या खाली प्लास्टिकच्या पिशवीत कालच्या भाकरीचा वाळलेला तुकडा. मी दिलेल्या अर्ध्या भाकरीतली अर्धी ती लपवून नेत होती, खायची नाही म्हणून. मी तो तुकडा होता तिथं ठेवला आणि बॅगेची चेन लावली. पाहिलं डोळ्यांनी, पण मनानं मानलं नाही.

डोळे उघडले ते रंगूबाईनं. वरच्या वाडीतली सत्तरीची म्हातारी, शाळा पाहिलेली नाही. पाण्याच्या टाकीजवळ मला अडवून म्हणाली, "उज्वले, तुझी पोरगी खाऊन नाय सुटली गो. सुजलेली हाय ती. डोळ्यांखाली बघ जरा."

महाडला एका डॉक्टर मॅडमकडे नेली. त्यांनी निशाच्या गळ्यावर बोटं ठेवून तिला पाणी गिळायला लावलं, थंडी वाजते का, पोट साफ होतं का, सगळं विचारलं आणि रक्त तपासायला दिलं. थायरॉईडचा जो आकडा पाचच्या आत हवा, तो हिचा अडतीस आला. मॅडम म्हणाल्या, "गळ्यातली ही ग्रंथी मंदावली की सगळं शरीरच मंद चालतं. अंगात पाणी साठतं, वजन वाढतं. यात तिच्या खाण्याचा दोष नाही. उपाशी ठेवू नका." रक्तही कमी होतं, नऊ. म्हणून दोन गोळ्या दिल्या, एक थायरॉईडची आणि एक लोहाची. कोणती कधी घ्यायची ते चिठ्ठीवर लिहिलं होतं. पण लोहाच्या गोळीची चिठ्ठी मी वाचायची? बारा वर्षं मी दुसरं काय करतेय?

दुसऱ्या दिवसापासून सकाळी सहाला तांब्या घेऊन मी तिच्या अंथरुणाशी उभी. दोन्ही गोळ्या एकदम तळहातावर. "माझ्यासमोर घे. तोंड उघड. जीभ वर कर." लोहाची गोळी चहाबरोबर चालत नाही, हे मला कोणी सांगायला नको, म्हणून चहा तासाभरानं. एक दिवस चुकू दिला नाही. शेजारणीला सांगायचे, गोळी कशी घ्यावी ते आमच्या निशाला बघून शिका.

दीड महिना गेला आणि निशा सत्तर झाली.

तो दिवस लसीकरणाचा होता. अंगणवाडीत पंचवीसेक बायका, कडेवर पोरं. निशा माझा डबा द्यायला आली. चेहरा फुगलेला, चाल जड. मला काय झालं कोण जाणे. गोळी मी स्वतः गिळवते, मग राहिलं काय, तर हिचं तोंड. सगळ्यांसमोर म्हटलं, "ये, उभी राहा काट्यावर." ती म्हणाली, "आई, घरी करू या ना." मी म्हटलं, "उभी राहा." ती चपला काढून उभी राहिली. मी आकडा मोठ्यानं वाचला आणि वर म्हटलं, "गोळ्या तरी काय करणार? हिच्या तोंडाला कुलूप लावायला पाहिजे."

दोघी-तिघी हसल्या. रंगूबाई हसली नाही.

निशा काट्यावरून उतरली. "मी खात नाय गो आई," एवढंच म्हणाली, अगदी हळू, आणि चपला हातातच घेऊन गेली. त्या दिवसापासून तिनं मैदानावर जाणं सोडलं. किशोर सरांचा, म्हणजे तिच्या प्रशिक्षकांचा फोन आला की बंद करायची. घरात माझ्याशी कामापुरतं बोलायची. सकाळी मात्र मी समोर उभी राहिले की न सांगता जीभ वर करून दाखवायची. तेच मला आज जास्त लागतं.

सप्टेंबरच्या शेवटी पुन्हा रक्त तपासलं. अडतीसाचे छत्तीस. मॅडमनी दोनदा कागद पाहिला आणि निशाला विचारलं, "गोळी चुकते का?"

"नाही."

"कशी घेतेस?"

"आई देते. सहा वाजता. दोन्ही एकदम."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मग माझ्याकडे बघून शांतपणे सांगितलं, "लोह पोटात असलं की ही गोळी अंगी लागत नाही, ते तिला धरून ठेवतं. म्हणून चिठ्ठीवर ही पहाटेची आणि ती रात्रीची लिहिली होती. दोन महिने हिच्या अंगात औषध नीट गेलेलंच नाही."

मी विचारलं, "म्हणजे हिची काही चूक नाही?"

"कसलीच नाही."

मी रागीट बाई आहे, माझ्या जिभेला हाड नाही, पण तेव्हा मी नुसता तो कागद घडी करून पिशवीत ठेवला. स्टँडवर एसटीची वाट बघत बसलो. मी दोन वडापाव आणले आणि एक तिच्यापुढे धरला. तिनं बघितलं आणि म्हणाली, "नको. वजन वाढेल." ती टोमणा मारत नव्हती. खरंच घाबरली होती माझ्या पोरीची भूक. एसटी आली तरी माझ्या हातात दोन्ही वडापाव तसेच होते.

त्यानंतर लोह रात्री आणि थायरॉईडची गोळी पहाटे एकटी. ताट पूर्ण. महिन्याभरात तिच्या डोळ्यांखालची सूज उतरली. एका सकाळी बुटांचा आवाज आला, ती धावायला निघाली होती. मी भांडी घासत रडले. मॅडमनी सांगितलं होतं, अंगातलं पाणी उतरेल, बाकीचं सावकाश जाईल, डिसेंबर धरून बसू नका. पण मी धरून बसले होते आणि तीही.

पोलादपूरच्या मैदानावर सकाळी नऊला वजन घेतलं. सहासष्ट किलो दोनशे ग्रॅम. किशोर सर म्हणाले, "साडेअकरापर्यंत पुन्हा वजन करता येईल. दोन जॅकेट घाल, धाव, घाम काढ. पाणी नाही प्यायचं. जमतं पोरींना." आणि खरंच, कुंपणाच्या कडेनं तीन-चार पोरी स्वेटरवर स्वेटर चढवून धावत होत्या, मध्येच थांबून थुंकत होत्या.

निशानं जॅकेट चढवलं. तीन फेऱ्या मारून माझ्याजवळ आली, तर ओठ पांढरे पडलेले होते. पाण्याची बाटली माझ्या हातात होती.

"एक किलो आई. होईल."

पी म्हणावं तर तिचं वर्ष जातं. पिऊ नको म्हणावं तर पुन्हा मी तीच, अर्धी भाकरी मोजणारी. आयुष्यात पहिल्यांदा मला कोणाला काय सांगावं ते कळेना. मी बाटली तिच्या हातात दिली. म्हटलं, "तुझं तोंड आहे, निशा. तू ठरव. जे ठरवशील त्यात मी आहे."

ती बाटलीकडे बघत उभी राहिली. मग जॅकेट काढलं, खाली बसली आणि घटाघटा अर्धी बाटली प्यायली. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती पीत होती. यादीतून नाव काढायला ती स्वतः गेली. सर म्हणाले, "महिला गटात पंचाहत्तरपर्यंत चालतं. पण तिथं मोठ्या बायका आहेत, हाडं मोडतील." निशा म्हणाली, "मोडू देत."

पुढच्या लसीकरणाला त्याच बायका होत्या. मी रजिस्टर मिटलं आणि उभी राहिले. म्हटलं, "त्या दिवशी मी इथं माझ्या पोरीला जे बोलले ते खोटं होतं. ती आजारी होती, आणि तिचं औषध माझ्याच हातानं वाया जात होतं. दोष माझा होता, तिचा नव्हता. ज्या हसल्या त्यांनीही हे ऐकून ठेवा." रंगूबाईनं मला हाताला धरून खाली बसवलं.

घरी जाऊन मी गोळ्यांची पट्टी माझ्या पिशवीतून काढली आणि निशाच्या उशाशी ठेवली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मला जाग आली, पण मी उठले नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. पट्टीतून गोळी काढल्याचा आवाज आला. मग तांब्याचा. मग बराच वेळ काहीच नाही. तिनं गिळली असेल का, हे विचारायला माझी जीभ नुसती वळवळत होती, पण मी दात घट्ट आवळले.

निशा बूट बांधून दाराशी आली.

"झोपलेली नाय तू, माहीत हाय मला," ती म्हणाली. "मी येते धावून. चहा ठेव तासाभरानं. आणि दोन भाकऱ्या टाक माझ्या."