कलम नऊ

संजना पगारे बैठकीला पोचली तेव्हा तिच्या चपलांना पुराचा गाळ तसाच होता. धुवायला वेळ मिळाला नव्हता असं नाही. तिने मुद्दामच धुतल्या नव्हत्या.

"बाई, चपला बाहेर काढल्या असत्या तर बरं झालं असतं," अध्यक्ष विश्राम देवरे म्हणाले.

"सतरंजी धुता येईल साहेब. सुलाबाईच्या अकरा शेळ्या परत येणार नाहीत."

देवरेंनी चष्मा पुसायला घेतला. बाकीचे पाच सभासद आपापल्या कागदांत बघू लागले.

जिल्ह्यातल्या सात लहान रेडिओ केंद्रांचा मिळून एक संघ होता. नाशिकच्या मुख्य केंद्रातून रोज अकरा ते दोन सामायिक कार्यक्रम जायचे, आणि तेवढा वेळ सातही केंद्रांची किल्ली नाशिकच्या हातात असायची. गावातल्या केंद्राला मध्ये एक शब्द घालता येत नसे. या सगळ्यावर नजर ठेवायला प्रत्येक केंद्राचा एक प्रतिनिधी घेऊन देखरेख समिती केली होती. देवरे सटाण्याचे. संजना सायखेड्याची, तिथल्याच शाळेत शिक्षिका.

गुरुवारी सकाळी अकरा वीसला धरणातून पाणी वाढवत असल्याचा निरोप मुख्य केंद्रात आला. गावात दवंडी झाली, पण नदीकाठच्या मळ्यांपर्यंत दवंडी पोचत नाही, तिथे रेडिओच पोचतो. आणि रेडिओवर एक वाजून पाच मिनिटांपर्यंत सोयाबीनवरच्या किडीची माहिती चालू होती. सायखेड्याच्या अशाच एका मळ्यावर सुलाबाईचा नवरा मल्हारी शेळ्यांची दावी सोडायला धावला, तोवर पाणी कमरेला लागलं होतं. शेळ्या गेल्या. मल्हारी बाभळीला अडकला म्हणून वाचला, पण पाय दोन ठिकाणी मोडला.

देवरेंनी अहवाल आधीच टाइप करून आणला होता. एकच पान. 'मुख्य केंद्राचे प्रसारण कर्मचारी मनोज यांच्या हलगर्जीपणामुळे विलंब झाला. त्यांना कामावरून कमी करावे.' मनोज दाराशी उभा होता. त्याला कोणी बस म्हटलं नव्हतं.

"मनोज, साहेबांना किती फोन केलेस?" संजनाने विचारलं.

"एकोणीस."

"मी विंचूरला व्यासपीठावर होतो," देवरे म्हणाले. "सत्कार चालू असताना फोन घेऊ का? एवढी निकड होती तर ह्याने निरोप रेडिओवर सोडायचा होता. डोकं नको का चालवायला?"

"डोकं चालवलं म्हणूनच माझ्या आधीच्या माणसाला काढलं, सर," मनोज खाली बघत म्हणाला. "कलम नऊ. अध्यक्षांच्या मंजुरीशिवाय कुठलाही तातडीचा निरोप सोडायचा नाही."

"हेच मला म्हणायचंय," संजना कडाडली. "असलं कलम करून ठेवायचं, सगळ्या जिल्ह्याचा जीव एका माणसाच्या खिशातल्या फोनला बांधायचा, आणि अंगाशी आलं की नोकरावर ढकलायचं!"

देवरे हसले. त्यांनी इतिवृत्ताची वही पुढे ओढली आणि खूण घातलेलं पान उघडलं. खूण त्यांनी आधीच घातली होती.

"वाचतो. कलम नऊ. सूचक, श्रीमती संजना पगारे."

देवरेंनी त्या नावावर बोट ठेवून वही तिच्याकडे वळवली.

तिला हे माहीत नव्हतं असं नाही. दोन वर्षांपूर्वी धरण फुटल्याची खोटी आवई कुणीतरी कळवली आणि तेव्हाच्या कर्मचाऱ्याने खात्री न करता सगळीकडे सोडून दिली. लोक पोरंबाळं घेऊन पळाले, एक म्हातारा चेंगरला. तेव्हाही संजना अशीच संतापून आली होती आणि हे कलम तिनेच मांडलं होतं. गुरुवारपासून ती एवढीच आशा धरून होती, की कोणी वही उघडणार नाही.

"आता काय म्हणता, बाई?"

ती उठली.

"सूचना माझीच. चुकीची होती. अहवालात माझं नाव घाला. फोन न घेणारे म्हणून तुमचंही घाला. मनोजचं काढा. आणि कलम रद्द करा. धोक्याचा निरोप आला की ज्या त्या केंद्राला स्वतः बोलायची मुभा द्या."

"अध्यक्षांचं नाव येणार नाही."

"का नाय येणार?" पेठच्या भागीबाई पहिल्यांदा बोलल्या. "एकोणीस वेळा फोन वाजला. आमच्या डोंगरात रेंज नाय, तरी माणूस टेकडीवर चढून फोन घेतं. तुमच्याकडं रेंज व्हती."

"भागीबाई, तुम्हाला इथलं कामकाज कळत नाही."

"मंजूर. पन तुमी फोन उचलला नाय, येवढं कळतं."

हात वर झाले. कलम रद्द आणि मनोजचं नाव बाहेर, चार विरुद्ध तीन. अध्यक्षांच्या नावाला मात्र दोनच हात आले, संजनाचा आणि भागीबाईंचा. जे दोघं आत्ताच तिच्या बाजूने होते, त्यांनी हात टेबलाखाली ठेवले.

"म्हणजे एकच नाव राहिलं," देवरे वही मिटत म्हणाले. "तुमचं. अहवाल सातही केंद्रांवरून वाचला जाईल, बाई. पारदर्शक कारभार."

"मीच वाचते," संजना म्हणाली.

बाहेर मनोज तिचे आभार मानायला आला. तिने त्याला हातानेच थांबवलं. त्याच्यासाठी ती भांडली होती, की त्या वहीच्या भीतीने, हे तिचं तिलाच धड सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सायखेड्याच्या केंद्रातून तिने अहवाल वाचला. स्वतःच्या नावाशी तिचा आवाज अडखळला, म्हणून तिने ते वाक्य पुन्हा वाचलं. मग ती पायीच सुलाबाईच्या मळ्यावर गेली. सुलाबाई मोकळी दावी गुंडाळत होती. रेडिओ ओट्यावर होता, बंद केलेला.

"ऐकलं," सुलाबाई मान वर न करता म्हणाली. "म्हंजे तूच केलंस."

"मी आणि त्यांनी."

"त्यांला मी वळखत नाय. तुझ्या शाळेत माझी दोन लेकरं शिकली." तिने दावं खाली टाकलं. "आता केंद्रातलं माणूस आपलं आपण सांगंल म्हनं?"

"हो. आजपासून."

"बरं झालं. लय उशिरा झालं." ती आत गेली आणि तांब्या घेऊन आली. "उन्हाची आलीस, पाणी देते. बस म्हणणार नाय."

संजना उभ्यानेच पाणी प्यायली, तांब्या ओट्यावर ठेवला आणि बांधावरून शाळेकडे निघाली.